धारचा उघडा मिक्सर

आमच्या देवासच्या घरमालकांनी आयुष्यात कुठल्या मिक्सरला 'बिघडला' म्हटलं नाही. त्यांच्या लेखी मिक्सर रुसायचा. फारच झालं तर नाराज व्हायचा. आम्ही त्यांच्या माडीवर भाड्याने राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातून नवऱ्याला ओरडून सांगितलं, "मेला, हा मिक्सर बिघडला वाटतं!" तर खालच्या अंगणातून आवाज आला, "सूनबाई, असं नका बोलू. ऐकून राहिलाय तो."

मी गारच झाले. वाकून पाहिलं तर लेंगा-बंडीतले एक गृहस्थ मान वर करून, कानामागे हात धरून उभे. हातात पेचकस. हाक मारायचीही वाट न पाहता ते जिना चढून वर आले आणि माझ्या ओट्याखालचा पाट ओढून बसले.

मी मूळची नगरकडची. नवऱ्याला देवासच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून बोचकी बांधून इकडे आले. मालकांचं घराणं मात्र मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेलं. त्यामुळे त्यांची मराठी म्हणजे अजब खिचडी. देवघरात बसले की 'मातोश्री' आणि 'तीर्थरूप', आणि अंगणात पाऊल ठेवलं की 'क्या भिया, काय चालून राहिलं?' तोंडावर मी त्यांना काका म्हणत असे, पाठीमागे मालक. त्यांच्या बायकोला मात्र पुढूनही काकी आणि मागूनही काकीच, कारण तिच्या मागे बोलायची कुणाची छाती नव्हती.

नोकरी त्यांनी बँकेत काढलेली. यंत्रांचं शिक्षण शून्य. कुणी तसं म्हटलं तर त्यांचं उत्तर तयार असे, "मला कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणी चुकीचं पण शिकवलं नाही." आता हे काही खरं नव्हतं. चुका ते भरपूर करत, आणि त्या सगळ्या स्वतःच्या प्रतिभेने करत. समोरच्या वहिनींचा मिक्सर त्यांनी एकदा असा काही जोडला की तो उलटा फिरायला लागला. खोबरं वाटलं जाईना, वर पात्याचा नटच सुटून भांड्यात आला. वहिनी रडकुंडीला आल्या. मालक मात्र खूश. "फिरला तर खरा! रुसवा गेला. आता दिशा काय, समजावून सांगू त्याला," म्हणाले, आणि परत पाट ओढून बसले.

यंत्र घराबाहेर काढायचं नाही, हा त्यांचा कायदा. वैद्याने रोग्याकडे जायचं. शिवाय यंत्र उघडण्याआधी त्या घरच्या बाईला दोन प्रश्न विचारल्याशिवाय ते स्क्रूला हात लावत नसत. पहिला, "शेवटचं यात काय फिरवलं होतं?" आणि दुसरा, "तेव्हा घरात कुणाचं कुणाशी वाजलं होतं का?" नव्या बायकांना हसू येई. पण एकदा का सांगायला सुरुवात झाली की थांबणं नाही! पीपलरावां गावच्या एका बाईंनी सासूचं गाऱ्हाणं सुरू केलं ते स्क्रू निघाले, मोटर पुसून झाली, स्क्रू परत बसले तरी संपलं नव्हतं. मालक मान डोलावत ऐकत राहिले. मिक्सर सुरू झाला तेव्हा बाई म्हणाल्या, आता मलाही हलकं वाटतंय. मजुरी म्हणाल तर त्या मिक्सरमधून पहिलं जे काही निघेल ते त्यांना चाखायला द्यायचं. बास. लसणाची चटणी असली तर चमचाभर जास्त.

फोन आल्यापासून तर या वेडाला पंखच फुटले. लोक त्यांना व्हॉट्सॲपवर मिक्सरचे आवाज पाठवायचे. सकाळी पोहे खाता खाता ते एकेक आवाज लावून ऐकत. घर्र, खर्र, कीं कीं! नेमावरहून कुणाच्या तरी मावसबहिणीचा मिक्सर, हाटपिपल्याहून कुणाच्या व्याह्यांचा. एकदा त्यांनी डोळे मिटून एक आवाज पूर्ण ऐकला आणि गंभीरपणे म्हणाले, "याच्या छातीत कफ आहे." काकी म्हणाली, "अहो, तो तुमच्या भाच्याचा निरोप आहे. सर्दी झालीय त्याला."

पण खरी गंमत त्यांच्या सोयरिकींची. नवा भाग विकत आणून बसवणं त्यांना पटत नसे. जे मिक्सर अगदी गेलेलेच, त्यांचे धडधाकट भाग काढून ते दुसऱ्यांना बसवत. आणि ज्या घरचा भाग ज्या घरी गेला, ती दोन्ही घरं त्यांच्या हिशेबाने व्याही झाली. ही काही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. "सूनबाई, तुमच्या मिक्सरचं बटण कोपऱ्यावरच्या शिंप्यांकडचं आहे. संक्रांतीला तिळगूळ देऊन आल्या का?" असं ते रस्त्यात थांबवून विचारत. मी बावळटासारखी गेले तिळगूळ घेऊन. शिंपीणकाकूंनी मला बसवून घेतलं, ओटी भरली, आणि विचारलं, "बटण सुखात आहे नं?" परक्या गावात माझी पहिली ओळख झाली ती अशी, एका काळ्या बटणाच्या पायी. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी येऊन मी रडले. बरं वाटून रडले.

आणि त्यांचा सगळ्यात कडक नियम म्हणजे उघडलेलं यंत्र टाकून उठायचं नाही. "पोट उघडलेला रोगी टाकून डॉक्टर उठतो का?" असं म्हणत. त्यांच्या साठीच्या शांतीला गुरुजी होम पेटवून बसलेले, आणि यजमान शेजारच्या स्वयंपाकघरात, पुढ्यात कुणाचा तरी मिक्सर पसरून. निरोपावर निरोप गेले. "येऊन राहिलो, दोन मिनिटं," एवढंच उत्तर. शेवटी काकीने त्यांच्या पाटावर एक सुपारी मांडली आणि गुरुजींना म्हणाली, "करा सुरू. बोलायला ही बरी, उठून तरी जात नाही."

आम्ही सगळे हसायचो या नियमाला. त्याने मालकांचं केवढं नुकसान केलं होतं, ते मला माहीतच नव्हतं.

ते कळलं माझ्या मिक्सरमुळे. माझा मिक्सर माहेरचा, जुन्या घाटाचा, स्टीलच्या भांड्याचा, उचलायला जात्यासारखा जड. भांड्याच्या बुडाशी एक दातेरी चकती असते, ती मोटरीला धरून पातं फिरवते. तिचे दाते पार झिजले. मोटर बोंबलायची आणि पातं ढिम्म. मालकांनी भांडं उलटं करून बराच वेळ पाहिलं. त्या कंपनीचं नाव आता कुठे ऐकू येत नाही, दुसरी कुठली चकती त्याला बसत नव्हती.

"हिची जोडीदार एकच आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"धारला." एवढं बोलून त्यांनी भांडं खाली ठेवलं, पेचकस खिशात घातला आणि नेहमीचे दोन प्रश्न न विचारताच खाली निघून गेले. असं कधी झालं नव्हतं.

मी काकीला गाठलं. ती अंगणात गहू निवडत होती. म्हणाली, "धारला जिजी आहेत. यांची सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली, जिजींनीच यांना वाढवलं. आणि आता वर्षं झाली, दोघांचं बोलणं नाही."

झालं होतं ते असं. मालकांच्या लेकीचं लग्न ठरलं. पहिली अक्षत देवाला, दुसरी थोरल्या बहिणीला, आणि तीही स्वतः जाऊन द्यायची, ही घराण्याची रीत. मालक अक्षता घेऊन धारला गेले. जिजींच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडे एका खिडकीतून मिक्सरचा रडका आवाज आला. यांचे पाय थबकले. 'जरा बघतो' म्हणून शिरले, यंत्र उघडलं, आणि बसले ते बसले. दिवस कलायला लागला. आता अक्षत तर दिवस मावळायच्या आत पोचायला हवी, आणि यंत्र तर उघडं! मग या महापुरुषाने काय करावं? अक्षतांची पुडी आणि पत्रिका त्या घरच्या माणसाच्या हाती दिली आणि म्हणाले, "दोन गल्ल्या पुढे माझी बहीण राहते, एवढी देऊन या."

"अगंबाई!" मी म्हटलं.

"अगंबाईच. थोरल्या बहिणीला, मुलीच्या आत्याला, अक्षत कुण्या अनोळखी माणसाच्या हाती! आणि भाऊ दोन गल्ल्यांवर मांडी घालून बसलेला. काम संपवून हे गेले तर दार बंद. जिजी लग्नाला आल्या नाहीत. आमच्या देवासला तर टेकडीवरच्या देव्या पण बहिणी-बहिणी भांडून रुसल्या म्हणतात, मग माणसांचं काय घेऊन बसलीस! हे रोज सगळ्यांचे रुसवे काढत फिरतात, पण त्या दाराशी जायची हिंमत नाही यांची."

मी म्हटलं, थांबा. संध्याकाळी खाली गेले आणि मालकांपुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. "काका, मला चकती पाहिजे."

"ती दार नाही उघडणार, सूनबाई."

"माझ्यासाठी उघडतील. रोगी माझा आहे. आणि रोग्याला अर्ध्यावर टाकायचं नाही, असं कोण म्हणतं हो?"

त्यांनी काकीकडे पाहिलं. काकी गव्हातले खडे वेचत बसली, मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही इंदूरला बस बदलून धारला गेलो. रस्ताभर मालक मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले. धारच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "मी बाहेर थांबतो, तुम्ही मागून आणा." मी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि पुढे चालायला लागले. पेचकस पिशवीत होता, मग न येऊन जातात कुठे!

जिजींचं घर देवीसागर तलावाच्या बाजूला. दार त्यांनी स्वतःच उघडलं. बुटक्या, गोऱ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज हवालदाराचा. मी कोण ते सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू ये पोरी आत. सोबत कोण आहे ते काही दिसत नाही मला. मोतीबिंदू आहे." मोतीबिंदूचं ऑपरेशन केव्हाच झालं होतं, हे मला मागाहून कळलं.

दार मात्र त्यांनी लावून घेतलं नाही. मालक चपला काढून, चोरासारखे आत आले.

मी चकतीचं सांगितलं. जिजी फळीवरून मिक्सर काढायला गेल्या. मिक्सरला धुतलेल्या कापडाचं झबलं शिवून घातलेलं होतं! "कधीचा बंद आहे," त्या मला म्हणाल्या. "नुसता घुरघुरला, मग जळका वास आला, मी बटण बंद केलं. कारागीर येतात गल्लीत, पण मी कुणाचा हात लागू दिला नाही. घरचा कारागीर असताना बाहेरचा कशाला?" मग एकदम सावरून म्हणाल्या, "असताना म्हणजे, होता तेव्हा."

त्यांनी एक परात मांडली आणि मोटर आणून तिच्याशेजारी ठेवली. भांडं आणलं नाही.

मालक पाटावर बसले. "जिजी, आधी मोटर बघावी लागेल," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "हा गेलेला असेल तरच चकती काढता येईल. जिवंत माणसाचा अवयव मी काढत नाही." मग सवयीने विचारून गेले, "शेवटचं यात काय फिरवलं होतं?"

जिजी पाठ फिरवून निघाल्या. आत जाऊन भुट्टे किसायला बसल्या. दुसरा प्रश्न विचारायची मालकांची छाती झाली नाही.

हळूहळू स्क्रू परातीत पडायला लागले आणि माणूस बदलला. यंत्र पुढ्यात आलं की मालकांना जगाचा विसर पडतो, तसा पडला. मोटरीच्या पोटात फुंकर मारत स्वतःशीच बोलायला लागले, "गुंडाळी ठणठणीत. कार्बन जसेच्या तसे. अरे वा, पठ्ठ्या! मग रुसलास कशाला?" तेवढ्यात दारात जिजी येऊन उभ्या राहिल्या. हातात पळी.

"पोरी, त्याला सांग, पान वाढलंय."

मी सांगायची गरजच नव्हती. मालक मान खाली घालूनच म्हणाले, "येऊन राहिलो, जिजी. दोन मिनिटं. उघडं आहे."

जिजी हलल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तेव्हाही दोनच मिनिटं होती."

हे त्या भावाला म्हणाल्या, मला नाही. मालकांचा हात थांबला. एका हातात पेचकस, दुसऱ्यात मोटरीची जाळी, परातभर स्क्रू. देवा, आता उठ रे बाबा, मी मनात म्हणत होते. माझी चकती गेली खड्ड्यात, पण हा माणूस आता उठला पाहिजे. त्यांनी यंत्राकडे पाहिलं. मग जाळी परातीत ठेवली, पेचकस ठेवला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. मोरीत जाऊन हात धुतले आणि मुकाट पानावर येऊन बसले.

असा भुट्ट्याचा कीस मी उभ्या जन्मात खाल्ला नाही. जिजी वाढत राहिल्या, मालक खात राहिले. दुसऱ्यांदा भात घेताना मालकांचे डोळे वाहायला लागले. जिजी म्हणाल्या, "मिरची जास्त झाली का?" ते "हो" म्हणाले. मिरची मुळीच जास्त नव्हती.

जेवणं झाल्यावर जिजी आतून भांडं घेऊन आल्या आणि भावाच्या हातात दिलं. "शेवटचं काय फिरवलं विचारत होतास नं? बघ."

झाकण निघेना. मालकांनी कडेने ठोकून काढलं. आत पांढरा दगड. पिठीसाखर, भांड्याच्या आकाराची घट्ट ढेप झालेली, आणि पातं तिच्यात रुतून बसलेलं.

"रुखवताच्या बेसनलाडवांची," जिजी म्हणाल्या. "अक्षत यायची होती म्हणून आधीच करायला घेतले होते. साखर फिरवत होते, तर दार वाजलं. मला वाटलं तू आलास. दारात कोण कुठला माणूस! मग मी भांड्याला हात लावला नाही. पुढे माझ्या सुनेने एकदा बटण दाबून पाहिलं, तर घुरघुरला."

मालक भांडं मांडीवर घेऊन बसले. "जिजी, याला काहीच झालेलं नाही गं," ते कसेबसे म्हणाले. "नुसती साखर बसलीय. गरम पाणी ओतलं की सुटेल." मग भांडं बाजूला ठेवून त्यांनी बहिणीचे पाय धरले. "चुकलो मी. अक्षत कुणाच्या हाती पाठवायची नसते. लग्नात तुझ्या पाटाकडे मला बघवेना."

"ऊठ," जिजी म्हणाल्या. त्यांचाही आवाज हवालदाराचा राहिला नव्हता. "म्हातारा झालास."

जरा वेळाने मालकांनी डोळे पुसले आणि पेचकसाकडे हात नेला. "गरम पाणी आण, आत्ता चालू करून देतो."

जिजींनी परात पायाने मागे सरकवली. "काही नको. मी ओळखून आहे तुला. चालू झाला की पिशवी उचलून जाशील. उघडं यंत्र टाकून राहवत नाही नं तुला? मग राहू दे उघडं. पुढच्या रविवारी ये."

त्यांनी परातीवर तेच झबलं पांघरलं आणि ती फळीवर ठेवून दिली.

मालक पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्याही. दर वेळी चार स्क्रू लावेपर्यंत जिजी हाक मारायच्या, "पान वाढलंय," आणि हे उठायचे. काकीही जायला लागली, मग लेक आणि जावईही जाऊन आले. साखरेवर कुणी गरम पाणी ओतलं नाही. मालक देवासला येऊन सांगायचे, "नाजूक केस आहे, सूनबाई. वेळ लागेल." आणि डोळे असे चमकायचे म्हणून सांगू!

या सगळ्यात माझं काय? ज्याचा अवयव हवा तो रोगी जिवंत निघाला, म्हणजे चकती मिळायची नाही. नवा मिक्सर आणावा तर मालकांचा जीव दुखावेल. शेवटी मी गुपचूप एक आणला आणि कपाटात लपवून ठेवला. रविवारी मालक धारच्या बसला बसले की तो बाहेर काढायचा आणि आठवड्याचं कूट, वाटण, चटण्या, सगळं उरकून घ्यायचं. एका रविवारी जिन्यावर पावलं वाजली. मी झटकन मिक्सरवर टॉवेल टाकला. काकी होती, त्या आठवड्यात मागे राहिलेली. हातात ओल्या खोबऱ्याची वाटी. म्हणाली, "लपवतेस काय? माझं पण फिरवून दे लवकर, संध्याकाळच्या आत."

पुढे नवऱ्याला पुण्याकडे नोकरी मिळाली आणि आम्ही देवास सोडलं. माझा माहेरचा मिक्सर मालकांनी नेऊ दिला नाही. "रोग्याला प्रवास नको," म्हणाले.

परवा त्यांचा फोन आला होता. मागे कुठल्या तरी स्वयंपाकघरातला आवाज येत होता, पळी, भांडी, आणि हवालदारी सुरात कुणीतरी कुणाला तरी रागावत होतं. मी विचारलं, "काका, धारला आहात वाटतं? जिजींचा मिक्सर झाला का?"

"कुठचं! उघडाच आहे अजून." मग जरा अपराधी आवाजात म्हणाले, "तुमचा पण राहिलाच आहे, सूनबाई. त्याचा नंबर जिजीच्या नंतर. थांबावं लागेल."

तेवढ्यात मागून जिजींची हाक आली, "पान वाढलंय रे!"

"जा, जा, काका," मी म्हटलं. "मला काही घाई नाही."